नामीची ओटी

आजीआजोबांचा आणि वृद्धांचा जागतिक दिन साजरा करण्याची प्रथा परमगुरू फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केली. २६ जुलै हा संत जोकिम आणि संत अॅना यांचा, म्हणजे प्रभू येशूच्या आजीआजोबांचा सण. त्याच्या आगेमागे येणारा जुलैमधील चौथा रविवार या दिनासाठी मुद्दाम निवडण्यात आला. तेव्हापासून धर्मग्रामांच्या पत्रिकांतून, स्मरणिकांतून आणि आपल्या या त्रैमासिकांसारख्या नियतकालिकांतूनही आजीआजोबांवरील कवितांचे आणि लेखांचे पीक दर पावसाळ्यात तरारून येते. पीक येते याचा आनंदच आहे. दाणा किती भरतो, याची तपासणी मात्र कोणी केलेली दिसत नाही. ती करावी म्हणून हा लेख.

या रचना वाचताना एक गोष्ट प्रथम लक्षात येते. त्यांत बोलणारा माणूस वयाने कितीही मोठा असला, तरी लिहिताना तो पाच-सहा वर्षांचा होतो. आजीची गोधडी, आजोबांची काठी, बंडीच्या खिशातली गोळी, रात्रीची गोष्ट, जपमाळेच्या मण्यांवरून फिरणारी सुरकुतलेली बोटे. ही चित्रे खोटी नाहीत. पण ती सगळी मुलाच्या उंचीवरून टिपलेली आहेत. त्यांतल्या आजीला नाव नसते, तारुण्य नसते, राग नसतो. तिने काही गमावलेले नसते. ती नातवासाठी जन्मली, नातवासाठी म्हातारी झाली आणि नातवाने कविता करावी म्हणून वारली, असे वाटावे इतकी ती सोयीची असते. साखरेची बाहुली सणाला शोभून दिसते हे खरे, परंतु आपण जिचे ऋण मान्य करू पाहतो ती बाई अशी नव्हती.

नातवाला आजी माणूस म्हणून केव्हा दिसते? माझे उत्तर असे आहे की, स्वतःच्या घरी पहिले मूल येऊ घातले म्हणजे. दिवस गेलेल्या सुनेला वा लेकीला एकाएकी उमगते की, कोपऱ्यात बसून वाल सोलणाऱ्या या म्हातारीलाही कधीकाळी कोरड्या उलट्या होत होत्या, तिलाही रात्री भीतीने जाग येत होती. आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या मृत्युनोंदवह्या चाळल्या, तर तान्ह्या मुलांच्या नोंदी पुन्हा पुन्हा भेटतात. ज्या पिढीने त्या मुलांना पुरले तीच पिढी आज ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे म्हणत गर्भवतीच्या आहारावर टीका करते. त्या टीकेमागे काय आहे हे ऐकू येण्यासाठी ऐकणाराही त्या उंबऱ्यापाशी यावा लागतो. होऊ घातलेल्या बापाचेही तसेच. आपल्या बापाचा बाप कोणत्या धास्तीने भल्या पहाटे वाडीत जात होता, हे त्याला त्या नऊ महिन्यांत कळू लागते. आपल्या साहित्यात हा क्षण फारसा आलेला नाही. बायबलमध्ये तो आहे आणि आश्चर्य वाटावे इतक्या कलात्मकतेने आहे.

मी येथे मुख्यतः रूथच्या पुस्तकाविषयी बोलणार आहे. चार अध्यायांचे हे पुस्तक म्हणजे जगातील उत्तम लघुकथांपैकी एक होय. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख आपली पत्नी नामी आणि दोन मुले यांना घेऊन मवाब देशी जातो. तेथे तो मरतो. मुलांची लग्ने मवाबी मुलींशी होतात. सुमारे दहा वर्षांनी दोन्ही मुलेही निपुत्रिक मरतात. नामी परत निघते. एक सून माघारी फिरते, दुसरी, रूथ, तिची पाठ सोडीत नाही. त्या वेळी रूथने सासूला दिलेले वचन आज अनेक ठिकाणी विवाहसोहळ्यात वाचले जाते. वाचणाऱ्या वधूवरांच्या ध्यानात बहुधा नसते की, ते नवऱ्याला दिलेले वचन नव्हे.

बेथलेहेमच्या वेशीत बायका नामीला ओळखतात. ती त्यांना म्हणते की, मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी या नावात गोडवा आहे, मारा म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणली, अशी तिची तक्रार आहे. ती हे बोलते तेव्हा रूथ तिच्या शेजारी उभी आहे. सारे सोडून आलेली ही सून नामीच्या हिशेबात मुळी धरलेलीच नाही. लेखक यावर काही बोलत नाही. रूथही बोलत नाही. पुढच्याच वाक्यात निवेदक इतकेच सांगतो की, नामी आणि तिच्यासोबत मवाबी रूथ परत आल्या आणि तेव्हा जवाच्या कापणीला आरंभ झाला होता. सासूच्या कडवटपणाला उपदेशाने उत्तर न देणारा हा लेखक मला थोर वाटतो. आपल्या स्मरणिकांतल्या आजीला असे एक तरी वाक्य बोलू द्यायला हवे होते. ज्येष्ठ माणसे कडवट होऊ शकतात, देवावरही रागावू शकतात आणि तरीही ती पवित्र इतिहासाच्या मध्यभागी असतात, हे आपण लिहीत नाही.

आता ‘रिकामी’ हा शब्द पाहा. हिब्रूत तो ‘रेकाम’ असा आहे. पहिल्या अध्यायात नामीच्या तोंडी आलेला हा शब्द तिसऱ्या अध्यायात पुन्हा एकदा येतो. खळ्यावरच्या त्या रात्रीनंतर बवाज रूथच्या पांघरुणात सहा मापे जव घालून देतो. घरी आल्यावर रूथ सासूला सांगते की, सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, असे बवाज मला म्हणाला. गंमत अशी की, बवाज असे बोलल्याचे निवेदकाने आधी कोठेही सांगितलेले नाही. हे शब्द आपल्याला केवळ रूथच्या तोंडून कळतात. ते बवाजाचेच असतील. परंतु वेशीतले ते ‘रिकामी’ शेजारी उभ्या असलेल्या सुनेने ऐकले होते, मनात ठेवले होते आणि वेळ येताच जवाच्या ओझ्यासह सासूपुढे ठेवले, असे वाचण्याचा मोह मला आवरत नाही. रूथ भांडत नाही. तू मला मोजले नाहीस, असे ती म्हणत नाही. ती पदर सोडते आणि धान्य ओतते.

पुढे चौथ्या अध्यायात रूथला मुलगा होतो. तिच्या गरोदरपणाला लेखकाने अवघे एक वाक्य दिले आहे. लग्न, गर्भधारणा आणि प्रसूती एका दमात उरकून तो थेट नामीकडे वळतो. शेजारणी जमतात, नामीला मुबारकी देतात. हे मूल तुला पुन्हा जीव देईल, तुझे म्हातारपण सांभाळील, कारण तुझ्यावर प्रेम करणाऱ्या सुनेने, तुला सात मुलांहून अधिक असलेल्या सुनेने त्याला जन्म दिला आहे, अशा आशयाचे त्या बोलतात. मग नामी बाळाला घेते, उराशी धरते, आपल्या ओटीत ठेवते आणि त्याची दाई होते.

‘ओटी’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ऊर, कूस, मांडी असा तिन्हीकडे झुकतो आणि मराठीत त्याला ओटीइतका जवळचा शब्द सापडत नाही. पण आपल्या भाषेत ओटीला एक सामाजिक इतिहास चिकटलेला आहे. महाराष्ट्रात गर्भवतीची ओटी धान्याने आणि नारळाने भरतात. सवाष्ण सवाष्णीची ओटी भरते. विधवेची ओटी भरत नाहीत. शतकानुशतके विधवेला त्या समारंभाच्या कडेला, माजघराच्या अंधारात उभे राहावे लागले. रूथच्या पुस्तकात काय घडते ते या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे अंगावर काटा येतो. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेल्या विधवेच्या पुढ्यात प्रथम धान्य येते आणि नंतर तिच्याच ओटीत बाळ येते. भरणारी आहे ती पूर्वी विधवा झालेली परदेशी सून. वडीलधाऱ्यांनी तरुणीची ओटी भरायची ही रीत येथे उलटी झाली आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणले. त्या स्वतः विधवा होत्या आणि त्यांच्या अवतीभवती आश्रयाला आलेल्या विधवा होत्या. रमाबाई १९२२ साली निवर्तल्या आणि ते भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. या अध्यायाला शब्द शोधताना त्या घरात काय वातावरण असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणखी दोन शब्दांकडे लक्ष वेधतो आणि मग व्याकरण पुरे करतो. प्रेमकथा म्हणून गाजलेल्या या पुस्तकात ‘प्रेम करणे’ हे क्रियापद एकदाच आले आहे, आणि ते रूथ आणि बवाज यांच्याविषयी नाही. सून सासूवर प्रेम करते, या शेजारणींच्या उद्गारात ते आहे. दुसरा शब्द ‘दाई’. हिब्रूत तो ‘ओमेनेत’ असा आहे. ज्या धातूपासून ‘आमेन’ शब्द आला त्याच धातूचे हे रूप. भक्कम धरणे, आधार देणे, विश्वासास पात्र असणे असे त्या धातूचे अर्थ आहेत. वेशीत देवाविरुद्ध गाऱ्हाणे घालणाऱ्या नामीने देवाचे आभार मानल्याचे लेखकाने सांगितलेले नाही. चौथ्या अध्यायात ती एक शब्दही बोलत नाही. ती फक्त मूल धरते. तिचे आमेन तिच्या हातांत आहे.

बायबल अभ्यासवर्गात हा उतारा घेतला असताना दिवस भरत आलेल्या एका तरुण भगिनीने माझ्यापुढे आक्षेप ठेवला. बाळ रूथचे, कळा रूथने सोसल्या आणि शेजारणी म्हणतात की, नामीला मुलगा झाला! त्याचे नावही त्याच ठेवतात. मग रूथ कोठे गेली? हा आक्षेप हलका नाही. आज पहिलटकरणीच्या मनात जी धास्ती असते ती याच वाक्यात आहे. आपले मूल आपल्या हातून काढून घेतले जाईल, न्हाऊमाखू घालण्यापासून नाव ठेवण्यापर्यंत सारे वडीलधारी माणसे ठरवतील आणि आपण केवळ जन्म देण्यापुरत्या उरू, ही ती धास्ती. पुस्तक तिचे पूर्ण समाधान करीत नाही हे कबूल केले पाहिजे. रूथचे शेवटचे शब्द तिसऱ्या अध्यायातच संपतात. त्यातही शेवटची पाच वचने म्हणजे पुरुषांच्या नावांची कोरडी वंशावळ आहे. पेरेसापासून दावीदापर्यंत दहा नावे, त्यांत ना रूथ, ना नामी. एखाद्या कारकुनाने घाईने जोडल्यासारखी ती वाटते. संत मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत रूथचे नाव परत आणले. नामी तेथेही नाही.

तरीसुद्धा त्या भगिनीला मी जे सांगितले ते येथे नोंदवतो. नामीचे या बाळाशी रक्ताचे नाते नाही. तिचा मुलगा महलोन मवाबात मेला, बाळाचा बाप बवाज. त्या काळच्या नियमानुसार ते मूल मृताच्या नावावर चालले, म्हणून नामी आजी. म्हणजे हे आजीपण जन्माने आपोआप मिळालेले नाही. ते रूथने दिले. जी देते ती नाहीशी होत नाही. शेजारणींनी ‘तुला मुलगा झाला’ म्हणण्याआधी ‘तुझ्या सुनेने जन्म दिला’ असे म्हटले आहे, हा क्रमही विसरू नये. मूल हिसकावून घेणारी आजी आणि मूल जिच्या ओटीत ठेवले गेले ती आजी, या दोघींत अंतर आहे. ते अंतर राखणे दोन्ही पिढ्यांच्या हाती असते. त्या भगिनीला हे किती पटले कोण जाणे. तिने मान डोलावली, पण तिच्या भुवया काही खाली आल्या नाहीत.

नावाचा विषय निघालाच आहे, तर संत लूकच्या पहिल्या अध्यायाकडे वळू. वसईत काय किंवा गोमंतकात काय, पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत अनेक घरांतून चालत आली. जुन्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्यांत एक पिढी सोडून एक पिढी तेच नाव परत येताना दिसते. आता मुलाचे नाव जन्मापूर्वीच ठरलेले असते, ते आईबापांच्या नावांची अक्षरे जुळवून केलेले असते आणि घरातील वृद्धांना त्याचा उच्चार करताना जिभेला कसरत करावी लागते. या बदलाविरुद्ध बोलताना काही प्रवचनकार बायबलचा आधार घेतात. त्यांनी लूक पुन्हा वाचावा. एलिझाबेथच्या मुलाला त्याच्या बापाचे, जखऱ्याचे, नाव ठेवायला सगळे नातेवाईक निघाले होते. कुळात योहान नावाचे कोणी नाही, ही त्यांची हरकतही रास्त होती. वयोवृद्ध एलिझाबेथने ती मोडून काढली आणि मुक्या जखऱ्याने पाटीवर तेच नाव लिहिले. रीत मोडणारी येथे तरुण मंडळी नव्हती, म्हातारी होती. आणि याच घरी, एलिझाबेथ सहा महिन्यांची गरोदर असताना, मरिया घाईने डोंगराळ प्रदेशात गेली आणि सुमारे तीन महिने राहिली. पोटात पहिले मूल असलेली तरुणी आजीच्या वयाच्या नातलगिणीकडे जाते, हे या प्रसंगाचे मानवी रूप आपण जपमाळेचे दुसरे आनंदाचे रहस्य म्हणताना बहुधा ओलांडून जातो. त्या तीन महिन्यांत त्या दोघी काय बोलल्या असतील! लूकने एका भेटीचे बोलणे दिले आहे, बाकीचे दिवस त्याने त्यांचे त्यांच्यापाशी राहू दिले.

आजोबांच्या बाजूने पाहायचे तर उत्पत्तीच्या पुस्तकातील अठ्ठेचाळिसावा अध्याय आहे. याकोब मरणाच्या दारी, डोळे मंदावलेले. योसेफ आपल्या दोन्ही मुलांना घेऊन येतो. तुझे तोंड दिसेल असेही मला वाटले नव्हते आणि देवाने तुझी मुलेही दाखवली, असे म्हातारा म्हणतो तेव्हा दृश्य गोड होणार असे वाटते. तेवढ्यात तो हात उलटसुलट करतो आणि उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवतो. मिसर देशाचा कारभार हाकणारा योसेफ नाराज होतो, बापाचा हात उचलून सरकवू पाहतो. म्हातारा सांगतो की, मला ठाऊक आहे, बाळा, मला ठाऊक आहे. आयुष्यभर फसवले आणि फसला गेला असा हा माणूस शेवटच्या घटकेलाही मुलाच्या सोयीचा होत नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने याकोबाच्या साऱ्या आयुष्यातून विश्वासाचे कृत्य म्हणून नेमका हाच प्रसंग निवडला, हे त्याच्या साहित्यदृष्टीलाही शोभते.

मग प्रत्यक्ष प्रभूची आजी? संत अॅनाविषयी शुभवर्तमाने मौन आहेत. तिचे आणि जोकिमचे नाव आपल्याला दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्य शुभवर्तमान’ या बायबलबाह्य ग्रंथातून कळते. त्या ग्रंथात मूल नाही म्हणून मंदिरात अपमानित झालेला जोकिम रानात निघून जातो, अॅना बागेत झाडावरचे चिमण्यांचे घरटे पाहून विलाप करते, देवदूत येतो आणि दरवाजापाशी पतिपत्नींची भेट होते. हीच भेट जोत्तोने चौदाव्या शतकाच्या आरंभी पादुआच्या चॅपेलमध्ये भिंतीवर अमर केली. पण त्या ग्रंथाची एक उणीव कोणी फारशी बोलून दाखवत नाही. त्यात अॅना आई होते, आजी होत नाही. तीन वर्षांच्या मरियेला मंदिरात पोचवल्यावर लेखकाला तिची गरज उरत नाही. नातवाशी तिची गाठ त्याने घालून दिली नाही.

ती गाठ चित्रकारांनी घातली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील लिओनार्दोच्या प्रसिद्ध चित्रात मरिया अॅनाच्या मांडीवर बसली आहे आणि कोकराशी खेळणाऱ्या बाळाकडे वाकली आहे. आई झालेली मुलगीही कोणाच्या तरी मांडीवरच असते, हा विचार या रचनेत आहे आणि तो फार मोठा आहे. अॅना बाळाला हात लावत नाही, वरून नुसती पाहते. परंतु मला या चित्राविषयी एक तक्रार आहे. ही अॅना आजी वाटत नाही. मरियेची थोरली बहीण वाटावी इतकी ती तरुण आहे. चेहऱ्यावर अपूर्व स्मित आहे, सुरकुती नाही. वार्धक्याशी गाठ पडताच एवढ्या मोठ्या कलावंतानेही नजर वळवली, असे म्हणण्याचे धाडस मी करतो.

आल्ब्रेख्त ड्यूररने १५१९ साली, म्हणजे लिओनार्दो ज्या वर्षी वारला त्याच वर्षी, हाच विषय रंगवला. ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात अॅनाच्या डोक्याला आणि हनुवटीला पांढरे वस्त्र गुंडाळलेले आहे, चेहरा थकलेला आहे, नजर कोठेतरी दूर आहे. बाळ झोपले आहे, मरिया हात जोडून त्याच्याकडे पाहते आहे आणि अॅनाचा हात मरियेच्या खांद्यावर आहे. बाळावर नव्हे, बाळाच्या आईवर. या अॅनासाठी ड्यूररने आपल्या पत्नीचा, आग्नेसचा, चेहरा घेतला. ड्यूरर दांपत्याला मूल नव्हते. जिला आई होता आले नाही तिला तिच्या नवऱ्याने प्रभूची आजी केले. नामीच्या गोष्टीपाशी आपण पुन्हा येऊन पोचतो ते असे.

आता उरला नातू. नातवाने आजोबांचे ऋण साहित्यात कसे फेडावे याचा एक नमुना आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये आहे, तो प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये नाही. बेन सिराच्या ग्रंथाला एक छोटी प्रस्तावना आहे. ती ग्रंथकर्त्याच्या नातवाने लिहिली. आजोबांनी यरुशलेमेत हिब्रूत ग्रंथ रचला होता. नातू एव्हेर्गेतेस राजाच्या अडतिसाव्या वर्षी, म्हणजे ख्रिस्तपूर्व १३२ मध्ये, मिसर देशात गेला. तेथे ज्यू कुटुंबांची पुढची पिढी ग्रीक बोलत होती. त्यांच्यासाठी त्याने रात्रंदिवस खपून आजोबांचा ग्रंथ ग्रीकमध्ये आणला. प्रस्तावनेत तो आजोबांची स्तुती फार करीत नाही. त्यांनी पुष्कळ वाचले, मग लिहिले, एवढेच सांगतो. जास्त शब्द त्याने खर्च केले आहेत ते भाषांतराच्या अडचणीवर. हिब्रूत सांगितलेले दुसऱ्या भाषेत नेले की, त्याचे बळ तेच राहत नाही, तेव्हा कोठे उणे पडले असेल तर सांभाळून घ्या, अशी विनंती तो वाचकांना करतो. आजोबांवर प्रेम कसे असावे ते मला या विनंतीत दिसते. त्यांचे वाक्य आपल्या भाषेत बसत नाही, म्हणून ज्याला रात्री झोप आली नाही असा हा नातू आहे.

आपल्या घराघरांत आज हीच अडचण उभी आहे. वसईची आजी कादोडीत बोलते, वाडवळीत बोलते. तिची नात प्रमाण मराठीत शिकली. त्या नातीच्या पोटात वाढणारे मूल बहुधा इंग्रजी माध्यमात जाईल. पहिल्या बाळंतपणासाठी नात माहेरी येते तेव्हा काही आठवडे या तिन्ही भाषा एका खोलीत असतात. बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचे, अंग शेकण्याचे, बाळाच्या रडण्याच्या प्रकारांचे आजीपाशी जे शब्द आहेत, त्यांना प्रमाण मराठीत जोडीदार नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याशी त्यांतले काही जुळेल, काही जुळणार नाही. जुळणार नाही ते पाळू नये, पण लिहून जरूर ठेवावे. गमावलेल्या मुलांची नावे, मारा होऊन बसलेले दिवस, कोणावर राग धरला आणि तो केव्हा सुटला, हेही विचारावे. दिवस गेलेल्या नातीने विचारले, तर आजी सांगते. एरवी ती गोष्ट सांगते आणि खाऊ देते. येत्या जुलैसाठी या त्रैमासिकाच्या संपादकांकडे कवितांच्या गठ्ठ्यात अशी एखादी वही येऊन पडावी, अशी माझी इच्छा आहे. तीत शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी चालतील.

त्या नातवाच्या भाषांतराचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. आजोबांचा मूळ हिब्रू ग्रंथ काळाच्या ओघात दिसेनासा झाला आणि ख्रिस्तसभा शतकानुशतके नातवाच्या ग्रीक भाषांतरावर आणि त्यावरून झालेल्या भाषांतरांवरच राहिली. १८९६ साली कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधून आलेल्या कागदांत सॉलोमन शेक्टर यांनी हिब्रू पान ओळखले. पुढे आणखी पाने मिळाली, १९६४ साली मसादाच्या उत्खननातही काही भाग हाती आला. आता जवळजवळ दोनतृतीयांश मूळ ग्रंथ उपलब्ध आहे. अभ्यासक आजोबांची ओळ आणि नातवाची ओळ शेजारीशेजारी ठेवून वाचतात. काही ठिकाणी नातवाला अर्थ लागलेला नाही, काही ठिकाणी त्याने पदरचे घातले आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्याने आजोबांना अगदी बरोबर ऐकले आहे.